टचिंगकाकू आणि पांढरा ठिपका

कुठलाही फोटो समोर आला की टचिंगकाकूंना आधी माणूस दिसत नसे, डाग दिसे. नाकावरची पुटकुळी, कॉलरवरचा घामाचा ओलावा, नवऱ्या मुलाच्या दातात अडकलेलं काहीतरी, मागच्या भिंतीवर लोंबणारी वायर. बाजारपेठेतल्या त्या स्टुडिओत पुढे काउंटर, मग पडदा, पडद्यामागे स्टूल आणि दिवे, आणि त्याच्याही मागे फळ्यांच्या आडोशाला काकूंचा कॉम्प्युटर. फोटो काढायचा काकांनी आणि तो माणसात आणायचा काकूंनी, ही वाटणी लग्नानंतर लगेचच ठरली होती. या टचिंगसाठी पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिल चालायची, मग बारीक ब्रश आला, मग माउस. हत्यारं बदलली, हात तोच राहिला.

"देवानं घाईत केलेलं काम आमची ही फुरसतीनं पुरं करते," असं काका गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत.

"देवाचं काम घाईचं नसतं. तुमचा कॅमेरा घाईचा असतो," काकू आतून ओरडत.

रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू करण्याआधी त्या हात जोडत, ते काही गंमत म्हणून नव्हे. परक्या माणसाच्या चेहऱ्याला हात लावायचा तर ज्यानं तो घडवला त्याला एकदा विचारून घ्यावं, एवढं साधं त्यांचं म्हणणं होतं.

आणि त्याच हातानं घरात घोटाळा केला.

नातीला सगळे चिमणी म्हणत. तिच्या पहिल्या वाढदिवसाला काकांनी कॅमेऱ्यावरच फ्लॅश चढवून धडाधड फोटो काढले. फ्लॅश असा समोरासमोर पडला की डोळ्यांच्या बाहुल्या लाल येतात. हे फोटो काढणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं, आणि तो लाल रंग काकू झोपेतसुद्धा घालवू शकल्या असत्या. चिमणीचा एक डोळा लाल आला होता. दुसरा आला होता पांढरा, अंधारात मांजराचा चमकतो तसा. "आज या फ्लॅशनं कमालच केली," असं पुटपुटत काकूंनी दोन्ही बाहुल्या काळ्याभोर करून टाकल्या. एका फोटोत नाही, सगळ्याच. अल्बम इतका देखणा झाला की व्याह्यांनी त्याची आणखी एक प्रत मागवली.

पुढे चिमणी एका डोळ्यानं तिरपं बघायला लागली. लेक तिला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली, सोबतीला काकू होत्या. तपासता तपासता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "फोटोत कधी हिचा एक डोळा पांढरा चमकलेला दिसला का?"

"छे, मुळीच नाही!" लेकीनं पिशवीतून अल्बमच काढला. "हे बघा ना. आई फोटोंचंच काम करते आमची. किती छान आलेत डोळे."

तिथल्या तिथे, तपासणीच्या उंच खुर्चीवर चिमणीला मांडीत धरलेल्या काकूंनी सांगून टाकलं, "आला होता. मी पुसला."

डोळ्याच्या आत, मागच्या पडद्यावर गाठ होती. कॅन्सर. "एवढ्याशा मुलांना कसा होईल कॅन्सर?" असं जावई डॉक्टरीणबाईंवरच चिडून म्हणाला, आणि पुढं तेच वाक्य काकूंनी इतक्या तोंडांतून ऐकलं की त्यांचे कान किटले. होतो. तान्ह्या बाळालाही होतो. चिमणीचा जीव परमेश्वराच्या कृपेनं आणि डॉक्टरांच्या कष्टानं वाचला, पण डोळा काढावा लागला. आता ती शाळेत जाते, झाडावर चढते, आईला उलट उत्तरं देते. एका बाजूला बनवून घेतलेला डोळा बसवलेला आहे आणि तो इतका हुबेहूब आहे की पटकन कुणाच्या लक्षात येत नाही.

"तेव्हाच कळलं असतं तर डोळा वाचला असता का?" काकूंनी एकदा धीर करून विचारलं होतं.

"वाचला असता किंवा नसताही. खरं सांगू, मलाच नक्की माहीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेच शोधायचं चाललंय." हा आजार झालेल्या मुलांचे, आजार कळण्याआधीचे घरगुती फोटो त्या गोळा करत होत्या. पांढरा ठिपका पहिल्यांदा कधी दिसला, कुठल्या उजेडात, कुठल्या कोनातून, आणि तेव्हाच उपचार सुरू झाले असते तर किती डोळे राखता आले असते, असा त्यांचा अभ्यास होता. पण त्यांचं घोडं दोन ठिकाणी अडलं होतं. एक म्हणजे पैसा. मोठ्या माणसांच्या आजारांवर संशोधन करायला दाते मिळतात. लहान मुलांच्या वाट्याला चॉकलेटं आणि फुगे येतात, असं त्या म्हणत. फोटो तपासणाऱ्या मदतनीस मुलीचा पगार बंद पडायच्या बेतात होता. आणि दुसरं म्हणजे, स्टुडिओतून येणारा प्रत्येक फोटो आधीच पुसून चकचकीत केलेला असायचा.

हे ऐकल्यापासून काकू हात धुऊन लोकांच्या मागे लागल्या. पण लोक म्हणजे!

काकूंनी तोंड उघडलं की समोरचा सांत्वन करायला लागे. शेजारीण म्हणाली, "काकू, स्वतःला दोष नका देऊ हो."

"मी दोष देत नाहीये."

"तुम्हाला काय ठाऊक होतं बिचाऱ्यांना! मन हलकं करा."

"अहो, मन हलकं करायला नाही आले मी. तुमच्या नातवाचे फोटो बघा घरी जाऊन, एवढंच सांगतेय."

"बघते हं. पण तुम्ही जरा जप करा, बरं वाटेल."

"जप मी रोज करते!" काकू कपाळावर हात मारून परत आल्या. मी माहिती देते आणि यांना वाटतं मी रडगाणं गाते, म्हणून त्या दिवसभर धुसफुसत होत्या. पालथ्या घड्यावर पाणी तरी वाहून जाताना दिसतं. इथं तेही दिसेना.

काउंटरवर तीच तऱ्हा. बाळाचा पासपोर्ट फोटो काढायला एक तरुण आई आली. फोटो झाला, पैसे देऊन ती निघाली, तेवढ्यात काकू पडद्याआडून बाहेर आल्या.

"अगं, घरी फोनवर बाळाचे फोटो काढतेस ना?"

"हो, खूप."

"फ्लॅशमधे डोळे लाल येतात तसे याचे येतात का? दोन्ही सारखेच येतात का? एखादा पांढरा चमकतो का कधी?"

"का?" बाईनं बाळाला छातीशी धरलं.

"काही नाही, घाबरू नकोस. चमकला, आणि पुन्हा पुन्हा चमकायला लागला, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचा. बहुतेक वेळा काहीच नसतं. पण क्वचित आत कॅन्सरची गाठ…"

पुढचं ऐकायला बाई दुकानात नव्हती. फोटोसुद्धा काउंटरवर विसरून गेली.

"झालं? पळवलंस?" काका म्हणाले. "माणसं पासपोर्टचा फोटो काढायला येतात, आणि तू त्यांना कॅन्सर बांधून देतेस."

"मग कधी सांगू? लग्नाचा अल्बम न्यायला येतील तेव्हा?"

"तो शब्द तरी उच्चारू नकोस. 'डोळ्याचा एक आजार' म्हण."

"डोळ्याचा एक आजार म्हणजे रांजणवाडीसुद्धा. रांजणवाडीसाठी कोण धावत जातं डॉक्टरांकडे?"

अशा वेळी काका लेन्स पुसायला घेत. त्या काळात त्यांच्या लेन्सवर धुळीचा कण उरला नव्हता.

शेवटी काकूंनी ठरवलं की फांद्यांवर घाव घालण्यापेक्षा बुंध्यालाच हात घालावा. शहरातल्या फोटोवाल्यांची एक संघटना होती. तिचे अध्यक्ष लग्नाचे असे जाडजूड अल्बम बनवत की उचलायला दोन माणसं लागत, म्हणून त्यांना सगळे अल्बमशेठ म्हणत. संघटनेचं दरवर्षी लहान मुलांच्या फोटोंचं प्रदर्शन भरे. काकू बैठकीला गेल्या आणि उभं राहून दोनच गोष्टी मागितल्या. यंदाच्या प्रदर्शनाचं उत्पन्न डॉक्टरीणबाईंच्या अभ्यासाला द्यावं. आणि मुलाच्या डोळ्यात पांढरा ठिपका दिसला तर तो पुसण्याआधी आईबापांना दाखवावा, मूळ फोटो जपून ठेवावा.

पहिलं लगेच मंजूर झालं. टाळ्या झाल्या. अल्बमशेठ गहिवरून म्हणाले, "काकू, आपण असं पोस्टर करू की बघणाऱ्याचं काळीज फाटलं पाहिजे. केस गेलेलं एक लेकरू, गालावर ओघळलेला थेंब. त्या थेंबावर मी स्वतः लाइट मारतो. डोळ्यांत पाणी आलं की खिसे आपोआप सैल होतात."

"डोळ्यांत पाणी आलं की दिसायचं बंद होतं, शेठ. मला त्यांनी बघायला हवंय."

"ते झालंच की. पण भावना…"

"आणि माझं दुसरं मागणं?"

इथं मात्र बैठकीला खोकल्याची साथ आली. एक जण म्हणाला, गिऱ्हाईक म्हणेल यांना साधा डोळा दुरुस्त करता येत नाही. दुसरा म्हणाला, शुभकार्यात असलं काही दाखवायचं म्हणजे आपल्यावरच शेकायचं. तिसऱ्यानं विचारलं की ठिपका चष्म्यावर आला असेल तर कुणाला दाखवायचं. त्यावर सगळे हसले आणि चहा आला.

"असं करा काकू," अल्बमशेठ चहा फुंकत म्हणाले, "तुमच्या नातीचा मूळ फोटो असेल तर तो लावा प्रदर्शनात. मोठा करून. आमच्या लोकांना डोळ्यांनी दिसू दे एकदा. पटलं तर करतील. न पटलं तर आपलं पोस्टर आहेच."

मूळ फोटो होता. काकांचा एक स्वभाव फार उपयोगी पडला होता. ते जेवणाचा डबा विसरत, पण कॅमेऱ्यातून उतरवलेलं मूळ चित्र जन्मात कधी काढून टाकत नसत. अडचण फोटोची नव्हती. लेकीची होती.

लेकीनं आईला कधी एका शब्दानं बोल लावला नव्हता. तिनं फक्त तो अल्बम कपाटाच्या वरच्या कप्प्यात, रजयांच्या मागे टाकून दिला होता. काकू तिच्याकडे गेल्या तेव्हा ती ओट्याशी भांडी घासत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं नळ बंद केला.

"आई, तू अख्ख्या बाजाराला सांगत सुटली आहेस, ते मी कानामागे टाकलं. आता भिंतीवर टांगायचंय तिला?"

"तिला नाही गं. तिच्या डोळ्यातल्या ठिपक्याला."

"लोक ठिपका बघत नाहीत, आई. लोक माझ्या मुलीकडे बघतात, मान वाकडी करतात आणि म्हणतात, बिचारी. शाळेतल्या बाईंनी म्हटलं, रिक्षावाल्यानं म्हटलं, परवा वर्गातल्या मुलीच्या आईनं तिच्यासमोर म्हटलं. घरी येऊन विचारते, बिचारी म्हणजे काय गं? काय सांगू मी तिला?"

काकू फडकं घेऊन घासलेली भांडी पुसायला लागल्या. लेकीनं पुन्हा नळ सुरू केला, एक ताट घासलं, परत बंद केला.

"लाव," ती म्हणाली. "नाव लिहायचं नाही. आणि मी तिला घेऊन येणार आहे बघायला. तिच्या देखत एका माणसानं जरी बिचारी म्हटलं ना, तर फोटो तिथल्या तिथे खाली. तू काढायचास, तुझ्या हातानं. आणि त्यानंतर हा विषय माझ्या घरात पुन्हा नाही."

"कबूल," काकू म्हणाल्या. जिना उतरताना त्यांना कळलं की आपण काय कबूल करून बसलो. शहरातल्या लोकांच्या जिभेला लगाम घालायचा वायदा केला होता त्यांनी, ज्या लोकांना त्या एक वाक्य नीट ऐकवू शकल्या नव्हत्या. आता फोटो उतरला म्हणजे अल्बमशेठचं रडकं पोस्टर उरणार, डॉक्टरीणबाईंकडे पुसलेलेच फोटो जाणार, आणि लेकीच्या घरात एक दार कायमचं बंद होणार.

प्रदर्शन वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये होतं. सकाळी काकू पोचल्या तर दाराशीच पोस्टर! टक्कल केलेलं मूल, गालावर थेंब, आणि थेंबावर खरोखरच लाइट मारलेला. काकूंनी आजूबाजूला पाहिलं आणि कोपऱ्यातल्या खुर्च्यांची चळत सरकवत आणून बरोबर त्याच्यापुढे उभी केली. मग त्या प्रिंटवाल्याची वाट बघत बसल्या. मोठा फोटो त्याच्या लॅबमध्ये छापायला दिला होता.

प्रिंटवाला घामाघूम होऊन आला, गुंडाळी सोडली, फोटो पॅनेलवर चढवला आणि दोन पावलं मागे जाऊन म्हणाला, "कसा आलाय बघा!"

फोटो खरंच सुरेख आला होता. फुग्यांपुढे बसलेली चिमणी, तोंडाचा आ, हातात टोपी. आणि दोन्ही डोळे काळेभोर.

काकूंनी नुसतं बोटानं डोळा दाखवला.

"काकू, एका डोळ्यात मोठा पांढरा डाग आला होता," प्रिंटवाला अदबीनं म्हणाला. "आणि दुसरा लाल. म्हटलं, तुमच्या घरचा फोटो, आणि तुमच्याकडून राहून गेलेलं दिसतंय. एवढा मोठा छापायचा तर वाईट दिसेल. मी काढून टाकला. त्याचे वेगळे पैसे नकोत."

"अरे माझ्या देवा!" काकू म्हणाल्या. "अरे, तोच दाखवायचा होता रे!"

"डाग?"

"हो! डाग!"

प्रिंटवाल्यानं आधी काकूंकडे, मग काकांकडे पाहिलं. बाईंना बरं नाहीये का, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पुन्हा छापायला वेळ नव्हता. त्याच्या मशीनवर लग्नाचं काम चढलेलं होतं आणि खाली माणसं जमायला लागली होती.

"असू दे आता," काका हळूच म्हणाले. "तसाच लावू. कुणाला कळतंय?"

"कुणाला कळत नाही हेच तर दुखणं आहे!" काकू असा आवाज चढवून म्हणाल्या की वाचनालयातले खालचे लोक वर बघायला लागले. "मी पुसला, यानं पुसला, उद्या तो शेठ पुसेल. एका ठिपक्याच्या मागे सगळे फडकं घेऊन उभे! जा, तुम्ही स्टुडिओत जा. मूळ फोटो काढा आपल्या छोट्या मशीनवर. केवढा निघेल?"

"पोस्टकार्डाएवढा."

"तेवढा आणा. पळा."

काका या वयात पळत नसत, पण त्या दिवशी पळाले. पोस्टकार्डाएवढा फोटो आला आणि काकूंनी तो मोठ्या फोटोच्या शेजारी चार टाचण्यांनी लावला. खाली कागदावर लिहिलं, 'मूल तेच, फोटो तोच. दोन्हींत एक फरक आहे. सापडतो का पाहा. सापडल्यावर घरी जाऊन आपल्या मुलांचे फोटो बघा.' दाराजवळच्या टेबलाशी डॉक्टरीणबाई बसल्या होत्या, बाजूला देणगीची पेटी होती. काकू पॅनेलपाशी खुर्ची टाकून, पदर खोचून पहाऱ्याला बसल्या.

माणसं आली. बाकीच्या फोटोंपुढे ती हात मागे बांधून, "वा, छान," करत पुढं सरकत होती. इथं मात्र गाडी अडायची. लोक वाकायचे, चष्मे वर करायचे, मोठ्याकडून छोट्याकडे आणि छोट्याकडून मोठ्याकडे बघायचे.

"टोपी वेगळी आहे."

"टोपी तीच आहे," काकू म्हणाल्या.

"फुगा एक कमी आहे बघा."

"फुगे मोजू नका हो. चेहरा बघा, चेहरा!"

"दात! हिला एकच दात आहे!"

"देवा, मला बळ दे," असं मनात म्हणून काकूंनी पाण्याचा घोट घेतला. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. शोधण्याच्या नादात कुणी मान वाकडी करत नव्हतं. ज्यांना सापडायचा ते टाळी देत, आणि मग एकदम गंभीर होऊन विचारत, "म्हणजे हे काय असतं?" त्यांना काकू डॉक्टरीणबाईंकडे पिटाळत. तिथं फोन बाहेर निघत होते, घरची पोरं बोटांनी मोठी करून बघितली जात होती. अल्बमशेठही आले, लोकांच्या खांद्यावरून बराच वेळ वाकून बघितलं. त्यांना फरक सापडला नाही. त्यांनी प्रिंटवाल्याला कोपऱ्यात घेऊन गुपचूप विचारलं.

दुपार उतरली तेव्हा लेक चिमणीचा हात धरून जिना चढून आली. लेक पुढं आली नाही. दाराजवळ, त्या खुर्च्यांच्या चळतीपाशी उभी राहून ऐकत राहिली. चिमणी मात्र हात सोडवून सरळ पॅनेलपाशी गेली.

"आजी, हे तर मी!"

"हळू बोल."

"मी एवढी जाडी होते?"

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आले. काठी, जाड चष्मा, खिशाला पेन. त्यांनी फोटो बघण्याऐवजी आधी खालचा कागद वाचला. मग डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरची पाटी वाचली, 'लहान मुलांचा कॅन्सर'. मग फोटोतल्या चिमणीकडे पाहिलं, मान वाकडी केली, आणि चांगल्या मनानं, लांबलचक सुस्कारा टाकून म्हणाले, "अरेरे! बिचारी पोर!"

काकूंनी दाराकडे पाहिलं. लेकीनं ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. 'बघ, सांगितलं होतं ना' असा एक थकवा होता, आणि तो रागाहून वाईट होता. शब्द दिलेला होता. काकू उठल्या आणि छोट्या फोटोची पहिली टाचणी उपटली.

"अगं आजी, थांब!" चिमणीनं त्यांचा हात धरला. "त्यांना अजून सापडलंच नाहीये." आणि ती आजोबांकडे वळली. "तुम्ही बघितलंच नाहीत नीट. बिचारी काय? फरक सांगा आधी!"

आजोबा दचकले. समोर उभी असलेली मुलगी हीच, हे त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं. शाळेत बाईंनी पकडलेल्या मुलासारखे ते वाकले. चष्मा काढला, पुसला, लावला. "टोपी…"

"टोपी नाही!"

"मग… फ्रॉक…"

"नाही!" चिमणीला हसू आवरेना. "हार मानली का?"

"नाही, नाही, थांब. मानतो कशाला." आजोबांनी काठी पॅनेलला टेकवली आणि नाक जवळजवळ फोटोला लावलं.

काकू एक टाचणी बोटांत धरून तशाच उभ्या. फोटोचा एक कोपरा सुटून लोंबत होता. आता हा काढायचा की ठेवायचा, हे त्यांच्या हातात नव्हतं. लेक चालत आली. आईच्या हातातून टाचणी घेतली, फोटोचा कोपरा सरळ केला आणि ती जागच्या जागी टोचली.

"डोळे बघा, आजोबा," ती म्हणाली. "एक लाल आहे ना? लाल चांगला. आणि हा दुसरा?"

"पांढरा," आजोबा पुटपुटले. "हो गं. पांढरा आहे. आणि मोठ्यात दोन्ही काळे." ते सरळ झाले. "म्हणजे मोठ्यातलं खोटं?"

"मोठ्यातलं पुसलेलं. तुम्हाला नातवंडं आहेत का? फोनवर फोटो असतील त्यांचे. काढा बरं, मी दाखवते कसे बघायचे."

आजोबा फोन चाचपायला लागले. लेक त्यांना फ्लॅशबद्दल सांगत होती आणि अर्धं चुकीचं सांगत होती. फ्लॅश बाजूनं मारावा म्हणत होती, जो समोरूनच पडायला हवा. काकूंनी तोंड उघडलं, तोच काकांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"एक अक्षर बोलू नकोस," ते कानाशी म्हणाले. "आयुष्यात एकदा तरी."

डोळे मिटून काकूंनी परमेश्वराचं नाव घेतलं, आणि ते घेताना लेकीचं 'बाजूनं मारावा, बाजूनं मारावा' निमूट ऐकून घेतलं. घरी जाताना दुरुस्त करता येईल, अशी मनाची समजूत घातली.

प्रदर्शनाच्या पैशांवर डॉक्टरीणबाईंच्या मदतनीस मुलीचं काम तूर्त तरी सुरू राहिलं. पुढचं पुढं; त्यासाठी काकूंना दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जाऊन डोकं आपटायचं आहेच. हॉलमध्ये ज्या एका आईला बाळाच्या फोटोत पांढरं दिसलं होतं, ती दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली. काही निघालं नाही, उजेडाचा कोन होता. ती स्टुडिओत येऊन काकूंवर तोंडसुख घेऊन गेली, "रात्रभर झोप नाही लागली तुमच्यामुळे!" डॉक्टरीणबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "उत्तम. अशाच शंभर जणी उगाच येऊन जाऊ देत." काकूंनी विचारलं, "आणि शंभर जणींची बोलणी कुणी खायची?"

फोटोवाल्यांच्या संघटनेनं ठराव केला, पण अर्धवट समजून. आता त्यांच्यातला जो तो, कुठल्याही मुलाच्या डोळ्यात काहीही पांढरं दिसलं की पुसायचं सोडून फोटो काकूंना पाठवतो. भर कामात फोन वाजतो.

"काकू, अर्जंट आहे. दोन्ही डोळ्यांत पांढरं आहे बघा, वरच्या बाजूला, चौकोनी."

"चौकोनी गाठ असते का कुठं? तो तुमचाच दिवा आहे, शेठ! तुम्ही बॉक्स लावलात दिव्याला, तो डोळ्यात दिसतोय!"

"अस्सं होय. मग पुसू?"

"नका पुसू! त्यानंच तर डोळा जिवंत दिसतो. इतकी वर्षं अल्बम करताय, आणि…" काकू थांबतात, कपाळ चोळतात. "बरं. आणखी आहेत?"

"आहेत दोन-तीन. पाठवू का? की वैताग देतोय मी?"

"देताय," काकू म्हणतात, आणि चष्मा नाकावर नीट बसवतात. "पाठवा."